पॅटमोरला ठोसा कुणी मारला? एका हेरपटातल्या सदोष नायकाचा प्रकरण अभ्यास

लंडनमधलं एक साधं किराणा दुकान. अ‍ॅलेक लीमस नावाचं गिऱ्हाईक सामान घेतं आणि पैसे मागाहून देतो म्हणतं. पॅटमोर नावाचा दुकानदार उधारी द्यायला नकार देतो. शब्दाने शब्द वाढतो, लीमस हात उचलतो, दुकानदार आडवा होतो. यानंतर लीमस दिसतो तो तुरुंगवास भोगून बाहेर पडताना.

'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या १९६५ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग काही मिनिटांत आटपतो आणि कथा पुढे निघून जाते. या चित्रपटाबद्दल बोलताना लोक बहुधा त्याच्या शेवटाबद्दल, बर्लिनच्या भिंतीबद्दल बोलतात. नागपुरातल्या आमच्या छोट्या अभ्यासगटात मात्र चर्चा या दुकानात अडकली आणि तिथून हलेना. ती का अडकली, त्यातून या नायकाबद्दल काय हाती लागलं, आणि दोष असलेला नायक तपासायचं कोणतं माप आम्हाला सापडलं, ते इथे सविस्तर मांडतो. त्यासाठी कथा शेवटापर्यंत सांगावी लागणार आहे. ज्यांना चित्रपट काही माहीत नसताना पाहायचा असेल त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इकडे यावं.

कथा आणि ती सांगण्याची पद्धत

लीमस हा ब्रिटिश हेरखात्याचा बर्लिनमधला प्रमुख. बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ पासून उभी राहायला लागली आणि शहराचे दोन तुकडे झाले. त्यानंतरचा हा काळ आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच लीमसचा पूर्वेकडचा महत्त्वाचा माणूस, कार्ल रीमेक, सायकल घेऊन चौकी ओलांडायच्या प्रयत्नात गोळ्या खाऊन पडतो. लीमस पश्चिमेच्या बाजूला उभा राहून ते पाहतो. त्याला काहीही करता येत नाही.

लंडनला परतल्यावर खात्याचा प्रमुख त्याला बोलावतो. सगळे त्याला 'कंट्रोल' म्हणतात. तो सभ्य आहे, मृदू बोलतो, आणि बोलता बोलता सांगून टाकतो की आपल्या सरकारचे हेतू चांगले आहेत म्हणून आपण शत्रूपेक्षा कमी निर्दय राहू शकत नाही. पूर्व जर्मन हेरखात्यातला मुंड्ट हा रीमेकचा खुनी. लीमसला घरी बसायचं नाही, आणखी एका कामगिरीची तयारी करायची आहे, एवढं आपल्याला कळतं. काम नेमकं कसं होणार, हे दिग्दर्शक मार्टिन रिट आपल्याला सांगत नाही.

पुढे आपल्याला दिसते ती एका माणसाची घसरण. लीमसला खात्यातल्या कारकुनी कामावर टाकतात, तिथूनही तो बाहेर पडतो. दारू वाढते. परलोकविद्येच्या एका लहानशा ग्रंथालयात तो मिळेल त्या पगारावर पुस्तकं लावतो. तिथे काम करणारी नॅन पेरी त्याच्यावर जीव लावते. ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद आहे, भाबडी नाही, पण सरळ आहे. मग ते दुकान, तो ठोसा, तो तुरुंग.

तुरुंगातून सुटल्यावर पूर्वेकडची माणसं त्याला गाठतात. बदनाम झालेला, पैशाला महाग, खात्यावर चिडलेला हेर त्यांना हवाच असतो. आणि मग एका रात्री लीमस पाठलाग चुकवून गुपचूप कंट्रोलला भेटतो. तिथे आपल्याला कळतं की ही घसरण मुंड्टला संपवण्यासाठी ठरवून केलेली होती.

आमच्या चर्चेचा सगळा पेच या सांगण्याच्या क्रमात आहे. ठोसा पडतो तेव्हा प्रेक्षकाच्या हाती काहीच नसतं. तो दारुड्याचा ठोसा आहे की हेराचा, हे नंतर कळतं. कळल्यावर आपण मनातल्या मनात मागे जाऊन त्या प्रसंगाचा अर्थ बदलून घेतो, आणि बदलताना त्या दुकानदाराला विसरून जातो.

बैठक

आमचा गट धरमपेठेत एका स्नेह्यांच्या घरी, वरच्या मजल्यावर भरतो. चित्रपट मध्यावर थांबवायचा, चहा घ्यायचा, तोपर्यंत काय वाटलं ते बोलायचं आणि मग उरलेला पाहायचा, असा प्रघात आहे. त्या महिन्यात आम्ही असे नायक घेतले होते ज्यांच्यात काहीतरी मोडलेलं आहे. हा चित्रपट दुकानाच्या प्रसंगानंतर थोड्याच वेळात थांबवला, अजून गुपित उघड व्हायचं होतं.

महालात वडिलोपार्जित किराणा दुकान चालवणाऱ्या एक काकू गटात आहेत. दुकान आता मुलगा पाहतो, पण गल्ल्यावर संध्याकाळी त्याच बसतात. त्या पहिल्यांदा बोलल्या.

"त्या दुकानदाराचं काय चुकलं जी? उधारी द्याची का नाही द्याची हे त्याच्या मनावर आहे. त्याले कायले मारलं?"

जनसंवादाचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने मूळ कादंबरी वाचली होती. त्याच्या तोंडून गुपित निसटलंच. "काकू, तो कामगिरीवर आहे. त्याला तुरुंगात जायचंच होतं, म्हणून मुद्दाम मारलं." कादंबरीत तर लीमस आदल्या रात्री आपल्या मैत्रिणीचा निरोपही घेतो, म्हणजे उद्या काय करायचं हे त्याचं ठरलेलं असतं.

काकूंचा चेहरा बदलला. त्यांना वाईट वाटलं ते दुप्पट. "म्हणजे दारूच्या नशेत नाही मारलं? ठरवून मारलं? मंग तं जास्तच वाईट झालं. कामगिरी त्याची असंल, मार तं यानं खाल्ला ना."

अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक साहेब गटात आहेत. त्यांनी शांतपणे बाजू मांडली. हुकुमाखाली काम करणाऱ्या माणसाला आपण घरगुती मापाने मोजू नये. लीमसचा हेतू दुकानदाराला इजा करण्याचा नव्हता, त्याला एक नोंद हवी होती, पोलिसांच्या दप्तरात आणि शत्रूच्या नजरेत. दोष द्यायचा तर हुकूम देणाऱ्याला द्या.

काकू म्हणाल्या, "साहेब, आम्ही उधारी नाही म्हणतो ना, तेव्हा समोरचा कोण आहे ते आम्हाले माहीत नसते. पण हात कोणाचा आला ते माहीत असते."

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. छोट्या दुकानात उधारी नाकारणं हा किती अवघड क्षण असतो, हे गटातल्या बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी ते समजावून सांगितलं. नाही म्हणताना आवाज चढू द्यायचा नाही, पण खालीही पडू द्यायचा नाही. दुसरी गिऱ्हाइकं ऐकत असतात. एकाला दिली तर उद्या चौघे मागतात, एकाला फार तोडून बोललं तर आळीत नाव होतं. वहीत ज्याचं आधीचं खातं थकलेलं आहे त्याच्या हातात आधी पिशवी द्यायची नाही, पैसे पाहून द्यायची, कारण एकदा पिशवी त्याच्या हातात गेली की भांडण दुकानदाराचं होतं. हे ऐकल्यावर आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला. पॅटमोर आता आम्हाला कथेतला अडथळा म्हणून दिसेना. स्वतःच्या गल्ल्यामागे उभा असलेला, आपल्या धंद्याचा नियम पाळणारा एक माणूस दिसू लागला, आणि त्या खोलीत तोच एक माणूस असा होता ज्याला आपण कुठल्या नाटकात उभे आहोत याची कल्पना नव्हती.

राग कुठून आला

चर्चेला दुसरं वळण दिलं ते झाडीपट्टी रंगभूमीवर काम करणाऱ्या एका भाऊंनी. दिवाळीनंतर होळीपर्यंत ते वडसा आणि आसपासच्या गावांत रात्ररात्र नाटकं करत असतात, नागपुरात असले की बैठकीला येतात. दारुड्याच्या भूमिका त्यांनी पुष्कळ केल्या आहेत.

ते म्हणाले, "दारुड्याचं काम करतो तेव्हा मी झोकांड्या नाही देत. पिलेला माणूस आपण पिलो नाही हेच दाखवत राह्यते. तेच दाखवा लागते. हा नट तसंच करून राह्यला." रिचर्ड बर्टनबद्दल हे अगदी खरं आहे. रंगभूमीवरच्या घुमणाऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध असलेला हा नट इथे तो आवाज दाबून ठेवतो. शब्द सपाट टाकतो, खांदे पाडतो, डोळे अर्धवट उघडे ठेवतो. ऑस्वाल्ड मॉरिसच्या कृष्णधवल छायाचित्रणात काळं आणि पांढरं असे ठसठशीत रंग कमीच, सगळीकडे राखाडीच्या छटा. त्यात बर्टनचा चेहरा आजूबाजूच्या ओल्या भिंतींसारखाच वाटतो. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

मग भाऊंनी जे सांगितलं ते मला या चित्रपटावरच्या कुठल्याही लेखनात सापडलं नव्हतं. "आणि मारताना राग खराच लागते. खोटा राग प्रेक्षकाले लगेच समजते. राग खरा असते, फक्त तो कोणावर काढाचा हे ठरवलेलं असते."

हे वाक्य या प्रकरणाची किल्ली आहे असं मी मानतो. लीमसकडे राग आहेच. रीमेक त्याच्या डोळ्यांसमोर मेला. खात्यातल्या गुळगुळीत बोलणाऱ्या माणसांचा त्याला तिटकारा आहे. वय होत आलंय, हाती काही नाही. हा राग कंट्रोलवर काढता येत नाही, मुंड्टवर अजून काढता येत नाही. तो काढायला एक जागा नेमून दिली आहे, गल्ल्यामागचा अनोळखी माणूस. ठोसा नाटकाचा भाग आहे आणि तरीही खरा आहे.

इथे हा चित्रपट इतर हेरपटांपासून वेगळा पडतो. नेहमीच्या हेरपटातही नायकाला दोष दिलेले असतात. दाढी वाढलेली, बाटली जवळ, एखादी मेलेली बायको किंवा हरवलेलं प्रेम, वरिष्ठांशी भांडण. पण हे दोष त्याच्या अंगावर दागिन्यांसारखे घातलेले असतात. मध्यंतरानंतर देशाला गरज पडली की तो दाढी करतो, बाटली ठेवून देतो आणि नेम अचूक लागतो. दोष आणि कामगिरी यांचा संबंध तिथे तुटलेला असतो. लीमसच्या बाबतीत खातं त्याचे दोषच कामाला लावतं. त्यांना दारुड्याचं सोंग उत्तम वठवणारा निर्व्यसनी माणूस नको होता. त्यांना थकलेला, पिणारा, चिडका माणूसच हवा होता, ज्याला थोडं ढकललं की बाकीचं आपोआप होईल. तो बरा झाला तर निकामी ठरेल. म्हणूनच घसरण पाहताना सोंग कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, हे आपल्याला सांगता येत नाही, आणि मला वाटतं लीमसलाही सांगता आलं नसतं.

कादंबरीकार जॉन ल कारे, खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, हे स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होते आणि १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा पश्चिम जर्मनीत वकिलातीच्या नोकरीच्या आडून काम करत होते. खातं माणसाला कसं वापरतं, हे त्यांना आतून माहीत होतं. पटकथाकारांपैकी पॉल डेन याने आदल्याच वर्षीच्या 'गोल्डफिंगर' या जेम्स बॉन्डपटावर काम केलं होतं. आणि पॅटमोर झालाय बर्नार्ड ली, जो १९६२ पासून बॉन्डचा साहेब 'एम' म्हणून लोकांना पाठ होता. त्या काळच्या प्रेक्षकाने हे नक्की ओळखलं असणार. देखण्या हेराला हुकूम सोडणारा चेहरा इथे किराणा दुकानात उभा आहे आणि एका रापलेल्या हेराच्या हातचा मार खातो आहे. ही निवड जाणूनबुजून केली की योगायोगाने झाली, यावर मी वाद घालणार नाही. पडद्यावर तिचा परिणाम होतोच.

पॅटमोरनंतरचे दोघे

दुसरा भाग पाहिल्यावर काकूंच्या प्रश्नाला धार आली.

लीमसला हॉलंडमार्गे पूर्व जर्मनीत नेतात. तिथे त्याची चौकशी करतो फीडलर, मुंड्टचाच दुय्यम अधिकारी. ऑस्कर वर्नरने हा माणूस फार सुंदर उभा केला आहे. फीडलर ज्यू आहे, बुद्धिमान आहे, आपल्या विचारसरणीवर त्याची खरी निष्ठा आहे, आणि मुंड्ट हा इंग्रजांचा माणूस आहे असा त्याला दाट संशय आहे. लीमस तुकड्या-तुकड्याने अशी माहिती देतो की फीडलरचा संशय पक्का व्हावा. स्वतः मात्र 'छे, असं शक्यच नाही' असं म्हणत राहतो, म्हणजे समोरच्याला वाटावं की हा निष्कर्ष आपणच काढला.

चौकशी मंडळासमोर प्रकरण जातं. मुंड्टचा वकील अचानक साक्षीदार बोलावतो, नॅनला. पक्षाच्या निमंत्रणावरून ती पूर्व जर्मनीत आलेली आहे. तिला खरं काय ते विचारतात आणि ती खरं सांगते. लीमस गेल्यानंतर लंडनहून तिची कुणीतरी काळजी घेतली, हे तिच्याच तोंडून बाहेर येतं. झालं. लीमस हा खात्याने पेरलेला माणूस ठरतो, फीडलरचा पुरावा कोसळतो आणि फीडलर स्वतःच आरोपी होतो.

त्याच क्षणी लीमसला सगळं उमगतं. फीडलरचा संशय बरोबर होता. मुंड्ट खरोखरच लंडनचा माणूस आहे. कामगिरी मुंड्टला संपवायची नव्हतीच, त्याला वाचवायची होती, आणि त्यासाठी त्याच्यावर संशय घेणाऱ्या एकमेव हुशार माणसाचा काटा काढायचा होता. लीमस ज्याला मारायला निघाला होता त्यालाच त्याने वाचवलं, आणि ज्याच्याबद्दल त्याला नकळत आदर वाटू लागला होता त्याला मरणाच्या दारात नेऊन सोडलं. दिग्दर्शक रिट यांना १९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दूरचित्रवाणीच्या कामातून बाजूला टाकलं गेलं होतं. एखाद्याच्या सरळ उत्तराने दुसऱ्याचं आयुष्य कसं संपतं, याची त्यांना जवळून ओळख होती. तो प्रसंग त्यांनी ज्या संथपणे चित्रित केला आहे त्यात ती जाणवते.

पॅटमोर, फीडलर आणि नॅन या तिघांनीही काही चुकीचं केलेलं नाही. एकाने धंद्याचा नियम पाळला, दुसऱ्याने आपल्या कामात बरोबर निदान केलं, तिसरीने प्रेम केलं आणि विचारल्यावर खरं बोलली. लीमसच्या दोषांची किंमत या तिघांनी भरली. दारूची, रागाची, कशावरच विश्वास नसण्याची. म्हणून मी म्हणतो, दुकानातला प्रसंग हा पुढच्या सगळ्याचा नमुना आहे. दिग्दर्शकाने आपल्याला आधीच, कमी किमतीत, दाखवून ठेवलं होतं की या माणसाचं काम कुणाच्या अंगावर पडतं. आपण ते कथेच्या वेगात सोडून दिलं.

आता लीमसचा खरा दोष. तो दारू आहे असं मला वाटत नाही. नॅन त्याला विचारते की तुझा विश्वास कशावर आहे, तेव्हा तो सांगतो की अकरा नंबरची बस मला हॅमरस्मिथला नेते यावर माझा विश्वास आहे. ऐकायला हे शहाणपण वाटतं. कशावरच श्रद्धा नसलेल्या माणसाला कुणी फसवू शकत नाही, अशी त्याची समजूत आहे. पण एका गोष्टीवर त्याचा विश्वास होता आणि तो त्याने कधी तपासून पाहिला नाही: आपल्याला सांगितलेली योजना हीच खरी योजना आहे. नॅनला यात ओढू नका एवढं एकच मागणं त्याने मागितलं होतं, आणि योजनेत तिची जागा आधीपासून ठरलेली होती. कडवट माणूसही भाबडा असू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा हेरपट मला आठवत नाही.

हिंदी पडद्याकडे पाहताना

गटातल्या एका मुलीने मेघना गुलजार यांचा 'राझी' आठवून दिला, आणि तिची आठवण अचूक होती. १९७१ च्या त्या कथेत सेहमत पाकिस्तानात सून म्हणून जाते आणि हेरगिरी करते. घरातला जुना नोकर अब्दुल तिला पकडतो तेव्हा ती त्याला गाडीखाली चिरडते. अब्दुलही आपलं कामच करत होता. तोही पॅटमोरच.

फरक असा की सेहमत त्यानंतर कोसळून रडते आणि कॅमेरा तिच्याबरोबर राहतो. आपल्याला तिची वेदना मिळते, आणि तिच्या वेदनेत अब्दुलचं मरण विरघळतं. मला 'राझी' आवडतो आणि ते रडणं प्रामाणिक आहे. पण लीमसला असं रडू दिलेलं नाही. त्याला पश्चात्तापाची सोय मिळत नाही, म्हणून प्रेक्षकालाही मिळत नाही. मुलीचं म्हणणं होतं की सेहमत नवखी आहे, लीमस मुरलेला आहे, म्हणून दोघांची तुलना पूर्ण न्याय्य नाही. तिचा मुद्दा मी मान्य केला.

काकूंना आठवली ती कॉटन मार्केटसारख्या बाजारात चित्रित होणारी पाठलागाची दृश्यं. नायक पळतो, मागून गुंड येतात आणि भाजीचा हातठेला उलटतो. टमाटे सगळीकडे. ठेलेवाला डोक्याला हात लावतो आणि थिएटरात लोक हसतात. "त्याचा दिवसाचा माल गेला," काकू म्हणाल्या, "अन् आपण हसून राह्यलो." यावर कुणीच काही बोललं नाही, आणि तेव्हापासून पाठलाग पाहताना माझी नजर आधी ठेल्याकडे जाते.

भिंतीपाशी

शेवट सगळ्यांना माहीत असतो, तरी थोडक्यात. मुंड्टच लीमस आणि नॅनची पळण्याची व्यवस्था करतो. गाडीत नॅन विचारते, हे सगळं कशासाठी, आणि लीमस हेरांबद्दल जे बोलतो त्यात कुठलाही मुलामा नाही. हेर म्हणजे कुणी संत किंवा तत्त्वज्ञ नव्हेत, माझ्यासारखी क्षुद्र, दारुडी, आपल्या फालतू आयुष्यात रंग भरण्यासाठी खेळ खेळणारी माणसं, असं तो सांगतो. भिंत चढताना नॅनला गोळी लागते. लीमस वर आहे, पलीकडून खात्यातला स्मायली त्याला उडी मारायला सांगतो आहे. तो पश्चिमेला उडी मारत नाही. पूर्वेकडे, तिच्याजवळ खाली उतरतो, आणि मारला जातो.

यावर मते पडली तीन. जनसंवादाचा मुलगा याला आत्महत्या म्हणाला, माणूस थकला आणि थांबला. झाडीपट्टीचे भाऊ म्हणाले की सोंग इथे संपलं, आता तो एकटा उरला. काकूंचं म्हणणं असं की या माणसाने पहिल्यांदा हुकुमाशिवाय काहीतरी केलं, म्हणून ते त्याचं स्वतःचं आहे.

मी काकूंच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. या उतरण्याने लीमस शुद्ध होत नाही आणि चित्रपट तसं म्हणतही नाही. मुंड्ट आपल्या खुर्चीत शाबूत आहे. कंट्रोल आपल्या खुर्चीत शाबूत आहे. फीडलर परत येत नाही. लीमस मेला म्हणून कुणाचं नुकसान भरून निघालं नाही. चित्रपट त्याला एवढंच देतो की शेवटी एकदा किंमत दुसऱ्याच्या अंगावर न टाकता त्याने स्वतः भरली. सदोष नायकाला न्याय देण्याची हीच रीत मला पटते. त्याच्या दोषांना कारणं देत बसायचं नाही, त्याला माफी वाटायची नाही, आणि तरीही त्याच्या हातून झालेली एक चांगली गोष्ट लपवायची नाही.

जे सुटलं नाही

निवृत्त साहेबांचा आक्षेप मात्र उभाच आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणाले, "तुम्ही तिघांची नावं घेता. पण मुंड्टने लंडनला पुरवलेल्या माहितीमुळे किती माणसं वाचली असतील, त्यांची नावं कोण घेणार? ती चित्रपटात दाखवली असती तर तुमचा निकाल हाच राहिला असता का?"

हे खरं आहे. मुंड्टकडून पश्चिमेला नेमकं काय मिळालं, हे चित्रपट दाखवत नाही. किंमत दाखवतो, मोबदला दाखवत नाही. माझं उत्तर असं आहे की लीमसलाही तो मोबदला कधी पाहायला मिळाला नाही, आणि आपण सगळा वेळ त्याच्या शेजारी उभे आहोत. पण हे उत्तर साहेबांना पुरत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते चित्रपटाच्या रचनेचं उत्तर आहे, त्यांच्या प्रश्नाचं नाही. आयुध निर्माणीत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस हा प्रश्न हौसेने विचारत नाही.

त्यांनी आपली बाजू लिहून आणायचं कबूल केलं आहे. मुंड्टच्या बाजूने, म्हणजे खात्याच्या बाजूने, पूर्ण कथा मांडायची आणि त्यात पॅटमोरलाही जागा द्यायची, असं ठरलं आहे. काकूंनी त्यांना एवढंच सांगितलं की दुकानदाराचं लिहाल तेव्हा आधी एक संध्याकाळ आमच्या गल्ल्यावर येऊन बसा. साहेब पुढच्या रविवारी महालात जाणार आहेत.